पप्पांनी प्रोसेसर बदलला

आमच्या घरी दुपारचं जेवण घड्याळावर ठरत नसे, बीपवर ठरत असे. ओटीवर पप्पा नव्याने जोडलेला संगणक पहिल्यांदा चालू करायचे, पंखा घुमायला लागायचा, मग आतून एकच आखूड बीप यायची आणि मागच्या स्वयंपाकघरातून आई हाक मारायची, "झाली ना? आता या, कालवण निवतंय." एक बीप म्हणजे सगळं जागच्या जागी बसलं. बीप लांब आली किंवा पुन्हा पुन्हा आली की आई काही न बोलता पातेल्यावर झाकण ठेवायची आणि मागच्या दाराशी अळू निवडायला बसायची. संगणक या वस्तूला तिने आयुष्यात कधी आपणहून हात लावला नाही, पण बीप ऐकून तिला कळायचं की रॅम नीट बसलेली नाही.

पप्पा मुंबईला टीव्हीच्या कारखान्यात जोडणीच्या लाइनवर होते. तो कारखाना बंद पडला तेव्हा मी शाळेत होते. घरी बसलेला बाप मला आठवत नाही, कारण ते बसलेच नाहीत. कुठूनतरी संगणकाचा वर्ग करून आले, ओटीवरच्या पाळण्याशेजारी एक लांब टेबल लावलं, कारखान्यातून आणलेला मीटर आणि सोल्डरिंगचं सामान त्यावर मांडलं आणि लोकांना स्वस्तातले संगणक जोडून द्यायला लागले. सामान आणायला ते ग्रँट रोडला जायचे आणि परतताना खोकी इतकी जपून आणायचे की रिक्षावाल्याला खड्डा दिसला की हेच "हळू, हळू" करायचे. मदरबोर्डाची रिकामी खोकी आई घ्यायची. मागच्या वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी उन्हात वाळवून ती त्या खोक्यांत भरून ठेवायची. मावशीच्या घरी सुकेळी पाठवली की मावशी विचारायची, "हे काय गं, मशीन पाठवलीस की केळी?"

इथे एक सांगून ठेवते. आमच्या घरात जी बोली चालते ती कागदावर उतरवली तर वसईच्या पुलापलीकडे कोणाला कळणार नाही, आणि उतरवायची कशी हे मलाही नीट माहीत नाही. म्हणून माणसांचं बोलणं मी सगळ्यांना कळेल अशा मराठीत लिहितेय. आई हे वाचेल तेव्हा म्हणेल, मी असं कधी बोलले? बोललीस, आई. फक्त वेगळ्या शब्दांत.

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, आणि तो ज्या पाटावर बसतो तो मदरबोर्ड. त्या काळी प्रोसेसर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दोनच होत्या आणि एकीचा प्रोसेसर दुसरीच्या बोर्डावर बसत नसे. पप्पा फक्त एकीचा वापरायचे. त्याचं खोकं निळं असायचं, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव 'निळा'. कोणाचा मुलगा इंजिनीअरिंगला लागला, कोणाच्या मुलीने टायपिंगच्या जागी कॉम्प्युटर घेतला, की रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर ती मंडळी आमच्या ओटीवर. पप्पा त्यांना सरबत द्यायचे आणि ठरलेलं वाक्य बोलायचे, "निळा घ्या. चार वर्षांनी वेगवान हवा असेल तर नुसता प्रोसेसर बदलायचा. बाकी सगळं तसंच." लोक मान डोलवायचे. खोक्यावर काय छापलंय ते कोणी वाचत नसे; पप्पांचं नाव इनास, आणि इनास म्हणतो ना, मग झालं.

आणि मग निळ्या कंपनीने प्रोसेसरची बैठकच बदलली. पहिला कॅसेटसारखा उभा बसायचा, तो जाऊन आडवा आला. आडवा आला तोवर त्याच्या पिनांची रचना बदलली, आणि ती लोकांच्या अंगवळणी पडायच्या आत पुन्हा बदलली. प्रत्येक वेळी बोर्ड नवा, कधी कधी रॅमही नवी. हे पप्पांना ग्रँट रोडच्या दुकानदाराने सांगितलं होतं, पण ते त्यांना खरं कळलं सेलीन टीचरांमुळे. सेलीन टीचर मला चौथीत शिकवायला होत्या. मुलाचा संगणक मांडीवर घेऊन त्या रिक्षातून उतरल्या, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "इनास, नेल्सनला आता वेगवान पाहिजे. तू म्हणाला होतास तसा नुसता प्रोसेसर बदलून दे."

पप्पांनी झाकण उघडलं. बराच वेळ आत बघत राहिले, जणू बघता बघता पिनांची जागा हलेल. मग त्यांनी टीचरांना सगळं समजावून सांगितलं. कंपनीने काय केलं, का केलं, बोर्ड का बदलावा लागेल. टीचर शेवटी एवढंच म्हणाल्या, "अरे, मला यातलं काय कळतं? तू म्हणालास म्हणून घेतला." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं पप्पा नंतर आईला म्हणाले.

मी तेव्हा वसईच्याच कॉलेजात बी.एस्सी. करत होते आणि लायब्ररीतली संगणकाची मासिकं पुढून मागून वाचत होते. त्यांत दुसऱ्या कंपनीबद्दल सतत लिहून यायचं. तिचा प्रोसेसर स्वस्त होता, वेगाला कमी नव्हता आणि मुख्य म्हणजे तिने बैठक बदलली नव्हती. एकाच बोर्डावर जुना काढून नवा बसवता येत होता. मी पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते सुकेळ्याचा तुकडा तोडत होते. तो तसाच हातात राहिला. "तो तापतो," ते म्हणाले. "दुकानदार सांगतो, पंखा सुटला तर क्षणात जळतो."

"मग पंखा सुटू द्यायचा नाही," मी म्हटलं.

"लोकांच्या घरात मी तो लावू? माझ्या नावावर?"

आमचा हा वाद बरेच दिवस चालला. मी मासिक दाखवायचे, ते दुकानदाराचं बोलणं सांगायचे. एव्हाना एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीत काचेच्या दाराचं, एसी लावलेलं संगणकाचं दुकान उघडलं होतं आणि आमच्या ओटीवरची रविवारची गर्दी विरळ व्हायला लागली होती. शेवटी आईने निकाल लावला. कोळंबी सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली, "आधी आपल्या घरात लावा. जळला तर आपल्या घरात जळेल."

पप्पा दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर आणि बोर्ड घेऊन आले. खोकं उघडलं तेव्हा आम्ही दोघंही वाकून बघायला लागलो. निळ्याचं अंग धातूच्या पत्र्याने झाकलेलं असे. याच्या मधोमध नखाएवढा काळा, आरशासारखा चकचकीत तुकडा उघडाच होता. त्यावर पांढरी पेस्ट लावायची, वर उष्णता ओढून घेणारा जड हीटसिंक ठेवायचा आणि पोलादी पट्टी स्क्रू ड्रायव्हरने दाबून खाली अडकवायची. ती पट्टी इतकी ताठ की अंगठा पांढरा पडायचा. पप्पांनी आयुष्यभर ताठ गोष्टींना जोर लावला होता. त्यांनी जोर लावला, हीटसिंक एका बाजूला कलला आणि बारीक 'टक' असा आवाज आला. चालू केल्यावर पंखा फिरला, दिवा लागला. बीप आली नाही. हीटसिंक काढून बघितलं तर त्या काळ्या तुकड्याचा एक कोपरा उडाला होता.

पप्पा उठले आणि मागे विहिरीवर जाऊन पाय धुऊन आले. मग संध्याकाळची रोझरीची प्रार्थना होईपर्यंत त्यांनी त्या टेबलाकडे बघितलं नाही. आईने मला डोळ्यांनीच दटावलं, आता काही बोलू नकोस. मला वाटलं, संपलं.

पण पुढच्या आठवड्यात ते पुन्हा ग्रँट रोडला गेले आणि दुसरा घेऊन आले. टेबलावर माझ्यासमोर ठेवला, स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तू लाव. माझा हात टीव्हीचा आहे." मी लावला. आधी पट्टीचं एक टोक अडकवलं, हीटसिंक सपाट आहे ना ते खाली वाकून बघितलं, मग दुसरं टोक हळूहळू खाली नेलं. बीप आली तेव्हा आईने नेहमीसारखी हाक मारली नाही. हात पुसत ओटीच्या दारात येऊन उभी राहिली.

तो संगणक आम्ही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालू ठेवायचो. आणि तो रोज दुपारी हँग व्हायचा. सकाळी छान चालायचा, दुपारी अचानक थिजायचा. ओटीवर येणारे जाणारे म्हणायचे, "तापला असेल. ऊन बघ किती आहे." पप्पा प्रत्येक वेळी कॅबिनेटच्या अंगाला हात लावायचे, ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा, आणि गोंधळायचे, कारण ते नुसतंच कोमट असायचं. आम्ही झाकण उघडं ठेवलं, समोर टेबलफॅन लावला, पेस्ट पुसून नव्याने लावली. तरी दुपार झाली की तेच. मी मासिकं मिटून ठेवली.

एका दुपारी संगणक पुन्हा थिजला आणि आई मागच्या दारातून म्हणाली, "काकांचा पंप लागला वाटतं."

पप्पांनी विचारलं, "तुला काय माहीत?"

"ऐकू येतोय ना. पंप लागला की तुमचं ते बसतं. काल पण तसंच, परवा पण तसंच."

पप्पा हसले. मग हसू तसंच तोंडावर ठेवून उभे राहिले. आमच्या वाडीला आणि काकांच्या वाडीला विहीर एकच होती, आणि दुपारी केळींना पाणी लावायची वेळ झाली की आमच्या काय, आसपासच्या साऱ्या वाड्यांतले पंप एकामागोमाग एक धडधडायला लागायचे. त्या वेळी घरातला बल्ब पिवळा व्हायचा आणि पंखा मंद फिरायचा. याची आम्हाला इतकी सवय होती की त्यात दिसण्यासारखं काही आहे असं कोणालाच वाटलं नव्हतं. पप्पांनी कारखान्याचा मीटर काढला, कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या तारांना लावला आणि मला विहिरीवर पिटाळलं. "काकांचा पंप बंद कर आणि मी हाक मारली की लाव!"

मी पंप लावला. ओटीवरून आवाज आला, "बंद कर!" मी बंद केला. "परत लाव!" असं किती वेळा झालं कोण जाणे. काकी त्यांच्या दारात येऊन विचारायला लागल्या, इनासच्या डोक्यावर परिणाम झाला का. मी धावत ओटीवर आले तेव्हा पप्पा मीटर हातात धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता. कारखाना चालू असताना ते असेच दिसत असतील. "प्रोसेसर निर्दोष आहे, फ्लोरी! हा सप्लाय लंगडा आहे. निळ्याची भूक कमी होती, त्याचं कसंतरी भागत होतं. याला पोटभर लागतं, आणि पंप लागला की हा याला उपाशी ठेवतो."

स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट येणारा तो सप्लाय त्यांनी काढून टाकला आणि चांगला दणकट आणून बसवला. हातात घेतला की वजनावरूनच फरक कळायचा. त्या दिवसानंतर आमच्या घरातून बाहेर गेलेला प्रत्येक सप्लाय पप्पांनी आधी स्वतः पंपाच्या वेळेला मीटर लावून तपासला. आमचा संगणक मे महिन्याच्या दुपारीही चालत राहिला. उरलेल्या उन्हाळ्यात तो एकदाही हँग झाला नाही.

याच सुमारास आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये मुलांसाठी संगणकाचा वर्ग सुरू करायचं ठरलं. एव्हरशाईन सिटीच्या दुकानाने आपला भाव दिला होता, सगळे निळे. रविवारी मिस्सेनंतर हॉलमध्ये बैठक बसली. पप्पा चारचौघांत बोलणारे नव्हते. ते उभे राहिले, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि दुसऱ्या कंपनीचं नाव घेतलं. हॉलचं काम बघणारे बस्त्याव अंकल बँकेतून निवृत्त झालेले, सरळ माणूस. त्यांनी जे विचारायला हवं होतं तेच विचारलं. "इनास, माझ्या घरी आलास तेव्हा तूच म्हणालास, निळ्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. आता आम्ही काय समजायचं?"

मागच्या बाकावर सेलीन टीचर बसल्या होत्या. मी पायाच्या बोटांनी फरशी खरवडत होते.

"बस्त्याव," पप्पा म्हणाले, "तेव्हा मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी बोललो. निळा आजही वाईट नाही. पण त्याचं बसायचं ठिकाण सारखं बदलतं आणि आपल्या लोकांना दर वेळी सगळं नवं घ्यावं लागतं. या दुसऱ्याचं तसं नाही."

"तो जळतो म्हणतात."

"मी पण तेच म्हणायचो. माझ्या ओटीवर उन्हाळाभर चालू आहे. कधीही या, हात लावून बघा." मग ते म्हणाले, "चार वर्षांनी काय होईल ते मी यापुढे कोणाला सांगणार नाही. मला माहीत नाही. बंद पडला तर मी येईन, एवढं सांगतो. पाऊस असो, लग्न असो, मिस्सा असो."

फादर कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "मिस्सा संपल्यावर आलास तरी चालेल, इनास." हॉल हसला, पप्पाही हसले आणि खुर्चीची पाठ त्यांनी सोडली.

बस्त्याव अंकलनी आणखी एक विचारलं. "एवढी मशीन्स जोडणार कोण? तू एकटा?"

"प्रोसेसर माझी फ्लोरी बसवते," पप्पा म्हणाले. "माझ्या हातून एक फुटला. तिच्या हातून एकही नाही."

लोकांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला कधी कोणी बक्षीस दिलं नव्हतं असं नाही, शाळेत मिळाली होती. पण त्या वाक्याच्या तोडीचं काही मला नंतरही मिळालं नाही, आणि नंतर मला बरंच मिळालं. भर सभेत, स्वतःच्या हातून फुटलेलं सांगून, त्यांनी मला पुढे केलं होतं. सेलीन टीचर उठल्या आणि म्हणाल्या, "इनासला द्या." बाकीच्यांनी मग फार वेळ लावला नाही.

आज मी हे ज्या लॅपटॉपवर लिहितेय त्याच्या पोटात कोणाचा प्रोसेसर आहे, हे मला आत्ता उलटा करून बघावं लागलं. तेव्हा असं विसरणं शक्य नव्हतं. पुढे काही वर्षांनी नेल्सन त्याचा संगणक घेऊन आला, ज्यात पप्पांनी हॉलच्या वेळीच दुसऱ्या कंपनीचा बोर्ड आणि प्रोसेसर बसवून दिला होता. मी जुना प्रोसेसर उचलला, नवा ठेवला, बाकी सगळं तसंच राहिलं. पप्पांनी त्याच्याकडून बसवायचं काही घेतलं नाही. "हे मी तुझ्या आईला आधीच बोललो होतो," एवढंच म्हणाले.

पण मला सांगायचीय ती हॉलमधली पहिली दुपार. महिनाभर आमच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पाळणा काढून ठेवला होता, आई कॅबिनेटांच्या मधून ताटं घेऊन तिरकी तिरकी चालत यायची. मग सगळी मशीन्स टेम्पोतून हॉलमध्ये गेली. हॉलचं छप्पर पत्र्याचं. वर्ग उघडायच्या आदल्या दिवशी पप्पांनी ठरवलं, भर दुपारी सगळी एकदम चालू करून बघायची. फादर आले, बस्त्याव अंकल आले. एकेक पडदा उजळत गेला. पंख्यांचा आवाज वाढत वाढत सारा हॉल घुमायला लागला. आम्ही वाट बघत होतो. मग लांबून पहिला पंप धडधडला, त्यामागे दुसरा, मग सगळ्या वाड्या. छताचा पंखा मंदावला, ट्यूबलाइट फडफडली. मी प्रत्येक माउस हलवत रांगेतून गेले. प्रत्येक पडद्यावरचा बाण हलला.

बस्त्याव अंकलनी एका कॅबिनेटवर तळहात ठेवला, तिथेच ठेवून दिला आणि पप्पांकडे बघून मान हलवली. मग फादर आणि ते निघून गेले. पप्पा म्हणाले, मी जरा वेळ बसतो, बघतो. आई डबा घेऊन आली तेव्हा ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीवर मोकळे. मी त्यांना उठवायला गेले. आईने माझा दंड धरला. "झोपू दे. कारखाना बंद झाल्यापासून हा माणूस दुपारी झोपलेला मी बघितला नाही."

दारात एक बाई आली. अर्नाळ्याहून आमच्याकडे मासळी घेऊन येणारी, रिकामी पाटी कमरेवर, बरोबर दोन वेण्या घातलेली तिची मुलगी. वर्गात नाव घालायला आली होती. मुलगी उंबऱ्यापाशीच अडखळली आणि उजळलेल्या पडद्यांच्या रांगेकडे बघत राहिली. बाईने पाटी खाली ठेवली, आईकडे प्यायला पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि हॉलभर नजर फिरवून मला विचारलं, "येवढ्या मशीनी कोनी केल्या गं, बाय?"

मी झोपलेल्या पप्पांकडे बोट दाखवणार होते. तेच सवयीचं होतं. बोट अर्ध्यावर आलं आणि मी ते खाली घेतलं.

"आम्ही," मी म्हटलं. "पप्पांनी आणि मी."